मानेवर मार बसल्यानंतर आवाज बदलला तर : स्वरयंत्राच्या इजांचे निदान आणि उपचार

गळीत हंगामात कोल्हापूर जिल्ह्यातल्या रस्त्यांवर उसाने भरलेल्या ट्रॉल्या रात्रभर ये-जा करतात. एखादी ट्रॉली अंधारात बंद पडून रस्त्यातच उभी राहिली आणि तिला मागे दिवा किंवा परावर्तक पट्टी नसली, की दुचाकीस्वार थेट तिच्यावर जाऊन आदळतो. हेल्मेटने डोके वाचते, मान मात्र उघडीच असते. तालमीत प्रतिस्पर्ध्याचे मनगट गळ्याच्या घाटीवर दाबले जाते, कबड्डीत गुडघा लागतो, दुचाकीच्या चाकात ओढणी गुंतून फास बसतो, यंत्रमागात किंवा मळणीयंत्रात गळ्यातले उपरणे ओढले जाते, मांज्याने गळा चिरतो. कारणे इतकी निरनिराळी असली तरी यातल्या बहुतेक रुग्णांची पहिली तक्रार एकच असते, ती म्हणजे आवाज बसल्याची. घरचे लोक हळद-दूध देतात, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायला सांगतात आणि सकाळपर्यंत वाट पाहतात.

ही वाट पाहणे टाळावे, एवढ्यासाठीच हा लेख आहे. मानेवर मार बसल्यानंतर आवाज बदलला असेल, तर श्वासमार्गाला इजा झाली आहे असे धरूनच पुढची प्रत्येक पायरी ठरवावी. स्वरयंत्राची सूज पहिल्या २४ ते ४८ तासांत वाढत जाते, आणि संध्याकाळी चालत-बोलत आलेला रुग्ण पहाटे गुदमरू शकतो. शिवाय आवाज पुढे कितपत परत येणार, हेही बऱ्याच अंशी याच काळात ठरते.

रचनेतले जेवढे माहीत हवे तेवढे

बाहेरून हाताला लागणारी घाटी म्हणजे थायरॉइड नावाच्या कूर्चेचे (लवचीक हाडाचे) पुढे आलेले टोक. तिच्या आतल्या बाजूस दोन्ही स्वरतंतू पुढे एका बिंदूत जुळतात आणि मागे एकेका ॲरिटेनॉइड कूर्चेला जोडलेले असतात. खाली क्रिकॉइड कूर्चा असते. श्वासमार्गात पूर्ण गोल कडे फक्त हिचेच असल्याने ती चेपली की श्वासमार्ग सर्व बाजूंनी अरुंद होतो. स्वरतंतू हलवणारी मुख्य नस (मज्जातंतू) क्रिकॉइडच्या सांध्याला लागूनच वर जाते, म्हणून तिथला मार नसेलाही लागतो. आवाज उंच नेणाऱ्या स्नायूची नस वेगळी आहे. ती दुखावली तर बोलणे जवळजवळ ठीक वाटते, पण तार सप्तक हरवते, आणि ही तक्रार बहुधा गाणाऱ्यालाच जाणवते.

लहान मुलांचे स्वरयंत्र मानेत वर, जबड्याच्या आडोशाला असते आणि कूर्चा मऊ असते, त्यामुळे ती मोडण्याचे प्रमाण कमी असते. मात्र मार्ग मुळातच अरुंद असल्याने थोडी सूजही मुलाला जड जाते. उतारवयात कूर्चेत चुना साठून ती ठिसूळ होते आणि एकाच फटक्यात तिचे अनेक तुकडे होऊ शकतात.

अपघाताच्या जागी आणि वाटेत

रुग्णाला ज्या स्थितीत श्वास घ्यायला सोपे जाते त्या स्थितीत राहू द्यावे. अशा रुग्णांना आडवे झोपवले की जीव घाबरा होतो, आणि तरीही भोवतीचे लोक काळजीपोटी त्यांना पुन्हा पुन्हा झोपवू पाहतात. मणक्याला मार असण्याची शक्यता गृहीत धरून मान न वळवता डोक्याला दोन्ही बाजूंनी आधार द्यावा. पाणी, चहा, दूध किंवा औषधाची गोळी, काहीही तोंडाने देऊ नये. आत फाटलेले असेल तर ते फुप्फुसात किंवा मानेच्या ऊतींत उतरते, आणि पुढे भूल द्यायची वेळ आली तर भरलेले पोट धोक्याचे ठरते. मान चोळू नये, शेकू नये, घाटी ‘जागेवर बसवण्याचा’ प्रयत्न कोणीही करू नये. जखम वाहत असेल तर स्वच्छ कापडाने हलका दाब द्यावा, पण मानेभोवती पट्टी गुंडाळू नये.

१०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवताना नुसता ‘अपघात’ असे न सांगता ‘गळ्याला मार आहे, आवाज बसला आहे’ असे स्पष्ट सांगावे, म्हणजे ऑक्सिजनची आणि पुढच्या रुग्णालयाची तयारी वेळेत होते. रुग्णाला कोठे न्यायचे याचा निर्णय कान-नाक-घसा तज्ज्ञ, भूलतज्ज्ञ आणि सीटी स्कॅन या तिन्ही गोष्टी रात्री कोठे मिळतात यावर घ्यावा. शहरात सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेले आहे. चंदगडच्या रुग्णाला कोल्हापूरपेक्षा बेळगाव कितीतरी जवळ पडते आणि अशा वेळी जिल्ह्याची किंवा राज्याची हद्द पाहत बसू नये. शाहूवाडी, गगनबावड्याकडच्या दवाखान्यात रुग्ण आधी आला, तर तिथल्या डॉक्टरांनी पुढच्या रुग्णालयाला फोन करून मगच त्याला रवाना करावे, आणि श्वासाला घरघर असेल तर सोबत डॉक्टर असल्याशिवाय पाठवू नये.

कॅज्युअल्टीत : आधी श्वास

पहिला प्रश्न एकच असतो. हा मार्ग पुढचा तासभर उघडा राहील का? श्वास आत घेताना घरघर किंवा शिट्टीसारखा आवाज, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाणे, बेचैनी, थुंकीतून रक्त आणि मानेत हवा भरून येणारी सूज, यांपैकी काहीही असल्यास तपासण्यांच्या रांगेत वेळ न घालवता श्वासमार्ग सुरक्षित करावा. बोटावरच्या यंत्राने ऑक्सिजनचा आकडा चांगला दाखवला, तरी तेवढ्यावर विसंबू नये, कारण तो आकडा बराच उशिरा घसरतो.

श्वासमार्ग कसा सुरक्षित करायचा, यावर मतभेद असले तरी माझे मत स्पष्ट आहे. स्वरयंत्र मोडल्याचा दाट संशय असेल, तर रुग्ण जागा असताना, जागेवरची भूल देऊन, श्वासनलिकेच्या नेहमीपेक्षा थोड्या खालच्या कड्यांवर ट्रॅकिओस्टॉमी (मानेत पुढून छिद्र करून श्वासनलिकेत नळी घालणे) करणे सर्वांत सुरक्षित. तोंडातून आंधळेपणाने घातलेली नळी फाटलेल्या अस्तरातून भलत्याच जागी जाऊ शकते, आणि अर्धवट तुटलेली श्वासनलिका त्या धक्क्याने पूर्ण तुटू शकते. नळी घालायचीच असेल, तर ती अनुभवी हाताने, लहान आकाराची, दुर्बिणीतून प्रत्यक्ष दिसत असताना आणि ट्रॅकिओस्टॉमीची मांडणी उघडून ठेवूनच घालावी. इतर अपघातांत उपयोगी पडणारी क्रिकोथायरॉइडोटॉमी (थायरॉइड आणि क्रिकॉइड कूर्चांच्या मधून नळी घालणे) येथे शक्यतो टाळावी, कारण ती इजेच्याच जागेतून जाते; क्रिकॉइडवर बोटाने दाब देण्याची भुलेच्या वेळची पद्धतही येथे वापरू नये. लहान मुलांत ताठ ब्रॉन्कोस्कोप (श्वासनलिकेत घालायची दुर्बीण) आधी आत घालून त्याच्या आधाराने ट्रॅकिओस्टॉमी करणे बरे. फाउंड्रीतल्या भट्टीजवळ गरम वाफ किंवा धूर श्वासात गेला असेल, नाकातले केस जळलेले असतील आणि आवाज घोगरा असेल, तर नळी लवकर घालावी; तिथे सूज वाढल्यावर ती घालणे फार अवघड होते.

हाताने तपासणी आणि विचारपूस

श्वास स्थिर असलेल्या रुग्णाची मान दोन बोटांनी, हलक्या हाताने, हनुवटीकडून खाली उरोस्थीपर्यंत चाचपत यावे. घाटीचे टोक बोटाला लागते की सपाट झाले आहे? मधली खाच जागेवर आहे का? कोणत्या नेमक्या बिंदूवर रुग्ण दचकतो? कातडीखाली बोटांना कुरकुर जाणवली, तर श्वासमार्ग कोठेतरी फाटून हवा बाहेर आली आहे, आणि मग वरून एक ओरखडाही नसला तरी इजा गंभीरच मानावी. तपासणी चालू असताना रुग्णाला बोलते ठेवावे. आवाज घोगरा आहे, दबलेला आहे, हवा निसटल्यासारखा आहे की मुळीच उमटत नाही, याची नोंद वेळेसह लिहावी आणि मोबाईलवर अर्ध्या मिनिटाचे ध्वनिमुद्रण ठेवावे. दोन तासांनी पुन्हा तेच वाक्य म्हणायला लावून तुलना केली, की वाढणारी सूज कानाला कळते. या साध्या उपायाला काही खर्च नाही, म्हणून तो कोणत्याही दवाखान्यात करावाच.

येथे एका गोष्टीकडे सर्व डॉक्टरांचे आणि परिचारिकांचे लक्ष वेधावेसे वाटते. ‘घसा बसलाय’ एवढेच सांगून आलेल्या स्त्रीचा गळा घरात कोणीतरी दाबलेला असू शकतो. अशा वेळी मानेवर वळ दिसतीलच असे नाही, आणि सोबत आलेल्या माणसासमोर ती बोलेलच असेही नाही. तिला एकटीला, शांतपणे विचारावे. डोळ्यांतले लाल ठिपके, गिळताना दुखणे, मध्येच शुद्ध हरपल्याची आठवण या खुणा शोधाव्यात, आणि मानेतल्या मोठ्या रक्तवाहिन्यांची तपासणी करावी, कारण त्यांच्या आतल्या थराला चीर पडली असेल तर काही दिवसांनीही पक्षाघात होऊ शकतो. वैद्यकीय-कायदेशीर नोंद त्याच वेळी पूर्ण करावी.

दुर्बिणीने पाहणे

श्वास सुरक्षित असेल तर लवचीक दुर्बीण नाकातून घालून स्वरयंत्र पाहणे ही निदानातली सर्वांत महत्त्वाची पायरी आहे. जागेवरची भूल बेताची द्यावी, रुग्णाला बसते ठेवावे, आणि दुर्बीण स्वरतंतूंच्या वरच थांबवावी. पहिल्याच वेळी ती खाली ढकलण्याचा मोह टाळावा. आधी शांत श्वास पाहावा, मग ‘ई’ म्हणायला सांगावे, मग जोरात नाकाने श्वास घ्यायला सांगावे. दोन्ही स्वरतंतू सारखे उघडतात-मिटतात का, एकाच पातळीवर आहेत का, पुढचा जोडबिंदू शाबूत आहे का, अस्तराखाली निळसर-लाल रक्त साठले आहे का, आणि कोठे पांढरी कूर्चा उघडी पडली आहे का, हे पाच प्रश्न मनात ठेवावेत. स्वरतंतू हलत नसेल तर तीन शक्यता उरतात : नस दुखावली आहे, ॲरिटेनॉइडचा सांधा निखळला आहे, किंवा नुसती सूज हालचाल अडवते आहे. पहिल्या दिवशी यातली नेमकी कोणती हे ठरवता आले नाही, तर तसे कागदावर लिहावे. उगाच ‘लकवा’ असा शिक्का मारू नये.

दुर्बिणीत इजा दिसली किंवा बाहेरून संशय दाट असला, तर सुमारे एक मिलिमीटर जाडीच्या कापांचा सीटी स्कॅन करावा. कूर्चेतली भेग, सरकलेला तुकडा आणि क्रिकॉइडची मोड त्यात दिसते. तरुणांत चुना न साठलेल्या कूर्चेतली बारीक भेग मात्र निसटू शकते. भोसकल्याची किंवा चिरल्याची जखम असेल, तर रक्तवाहिन्यांचा सीटी आणि अन्ननलिकेची तपासणीही लागते. अन्ननलिकेतले छोटे छिद्र लक्षात न आल्यास दोन दिवसांत छातीत पू होतो, आणि तो आवाजाच्या सर्व प्रश्नांपेक्षा घातक असतो.

इजेची तीव्रता

जगभर शेफर यांची पाच गटांची विभागणी वापरली जाते. पहिल्या गटात थोडेसे साकळलेले रक्त किंवा किरकोळ चीर असते, मोड नसते. दुसऱ्यात सूज आणि रक्त अधिक असते, न सरकलेली मोड असू शकते, पण कूर्चा उघडी पडलेली नसते. तिसऱ्यात मोठी सूज, फाटलेले अस्तर, उघडी कूर्चा, सरकलेली मोड किंवा न हलणारा स्वरतंतू आढळतो. चौथ्यात याच्या जोडीला मोडीच्या अनेक रेषा असतात आणि सांगाडाच अस्थिर होतो किंवा पुढचा जोडबिंदू तुटतो. पाचव्यात स्वरयंत्र आणि श्वासनलिका एकमेकांपासून सुटतात. पहिले दोन गट बहुधा औषध आणि निरीक्षणावर सांभाळता येतात. तिसऱ्यापासून पुढे शस्त्रक्रियेचा विचार करावाच लागतो.

शस्त्रक्रिया लागत नाही तेव्हा

रुग्णाला किमान २४ तास, आणि शंका असेल तर ४८ तास, ट्रॅकिओस्टॉमीची सोय असलेल्या विभागात ठेवावे. ‘आता बरे वाटते आहे, घरी जातो’ हा आग्रह नेहमी होतो आणि तो मानू नये. डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश उंच ठेवावी, ओलसर हवा द्यावी, सुरुवातीला तोंडाने काही न देता सलाईनवर ठेवावे. सूज कमी व्हावी म्हणून पहिल्या काही तासांत स्टेरॉइड दिले जाते. त्याचा पुरावा फार भक्कम नसला तरी प्रघात तोच आहे आणि मला तो योग्य वाटतो. अस्तर फाटले असेल तर प्रतिजैविक, आणि पोटातले आम्ल वर येऊन जखमेवर पडू नये म्हणून आम्लरोधक औषध द्यावे. आवाजाला विश्रांती द्यावी, म्हणजे बोलूच नये, पाटी किंवा मोबाईलवर लिहावे. कुजबुजणे म्हणजे विश्रांती नव्हे, त्याने स्वरयंत्रावर ताण येतो. दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि आवाज स्थिर होईपर्यंत पुढेही दुर्बीण पुन्हा घालून पाहावी.

शस्त्रक्रिया लागते तेव्हा

ती शक्यतो पहिल्या २४ तासांत व्हावी, कारण उशीर झाला की उघड्या कूर्चेत संसर्ग होतो, व्रण (जखमेच्या जागी तयार होणारी कडक ऊती) जमतो आणि आवाजही श्वासही कायमचा अडतो. आधी पूर्ण भुलेत स्वरयंत्र, श्वासनलिका आणि अन्ननलिका ताठ दुर्बिणींनी पाहून घ्याव्यात. मग मानेवर आडवा छेद घेऊन कूर्चेचे तुकडे उघडे करावेत, आणि आत अस्तर फाटलेले असेल तर थायरॉइड कूर्चा मध्यरेषेत उघडून आत पोहोचावे.

आवाजाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे काम येथे होते. फाटलेले अस्तर जितके वाचेल तितके वाचवून बारीक, विरघळणाऱ्या टाक्यांनी कूर्चा पूर्ण झाकावी. सुटलेला स्वरतंतू पुढच्या बाजूस कूर्चेला नेमक्या उंचीवर परत बांधावा, कारण दोन्ही बाजूंत थोडासा फरक राहिला तरी स्वर जुळत नाही. मोडलेली कूर्चा तारेने बांधण्याची जुनी पद्धत अजून चालते, पण छोट्या टायटॅनियमच्या किंवा विरघळणाऱ्या पट्ट्यांनी ती अधिक स्थिर बसते. पुढचा जोडबिंदू तुटला असेल, अस्तराची फार नासधूस झाली असेल किंवा पट्ट्या लावूनही सांगाडा डळमळत असेल, तरच आत आधारनळी ठेवावी आणि साधारण दोन आठवड्यांत काढावी. ती जास्त काळ राहिली तर स्वतःच व्रण निर्माण करते. पाचव्या गटात श्वासनलिका क्रिकॉइडला टाक्यांनी जोडावी लागते, आणि अशा रुग्णांत दोन्ही बाजूंच्या नसा दुखावलेल्या असणे नेहमीचे असते, म्हणून नातेवाइकांना आवाजाबद्दल खात्रीचा शब्द देऊ नये.

नळीमुळे होणारी इजा

मोठ्या शस्त्रक्रियेनंतर किंवा अतिदक्षता विभागातून बाहेर आल्यावर आवाज घोगरा राहिला, तर पहिले काही दिवस ती भुलेसाठी किंवा कृत्रिम श्वासासाठी तोंडातून घातलेल्या नळीची सूज असू शकते. आठवड्याभरात सुधारणा नसेल तर दुर्बिणीने पाहावेच. स्वरतंतूच्या मागच्या टोकाला गाठ आली असेल तर आम्लरोधक औषध आणि आवाजाचे व्यायाम यांनी ती बहुधा विरघळते. घाईने कापलेली गाठ परत येते. ॲरिटेनॉइड निखळली असेल तर ती पहिल्या काही आठवड्यांतच भुलेत जागेवर बसवता येते, नंतर सांधा जखडतो. निखळणे आणि नसेचा लकवा यांतला फरक स्वरयंत्राच्या स्नायूंतले विद्युतसंकेत मोजणाऱ्या ईएमजी तपासणीने कळतो. इजेनंतर तीन-चार आठवड्यांनी तिचा उपयोग अधिक होतो. अतिदक्षतेतल्या सहकाऱ्यांना एवढेच सांगणे आहे की नळी श्वासमार्गात घट्ट बसवणाऱ्या फुग्याचा दाब २० ते ३० सेंटिमीटर पाण्याइतकाच ठेवला आणि नळी गरजेपेक्षा मोठी घेतली नाही, तर यातल्या बऱ्याच इजा होतच नाहीत.

गाणारे, कीर्तनकार आणि शाहीर

बाहेरून मार न लागता आवाजाच्याच अतिवापराने होणारी इजाही याच कुळातली आहे. पोवाडा रंगात असताना, यात्रेत दिवसभर ‘चांगभलं’चा गजर करताना किंवा फुटबॉलच्या सामन्यात आपल्या पेठेच्या संघासाठी ओरडताना एकाएकी आवाज तुटला, तर स्वरतंतूतली बारीक रक्तवाहिनी फुटलेली असू शकते. त्या क्षणी बोलणे थांबवावे. साधारण एक आठवडा पूर्ण मौन पाळावे, ॲस्पिरिनसारख्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या वेदनेसाठी घेऊ नयेत (हृदयासाठी चालू असल्यास आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंदही करू नयेत), आणि ‘रियाजाने मोकळा होईल’ हा सल्ला कोणीही दिला तरी मानू नये. कोल्हापूर दरबारचे गायक अल्लादिया खाँ यांचा आवाज तरुणपणी अतिगायनाने बिघडला आणि पुढे त्यांनी बदललेल्या आवाजाला साजेशी गायकी घडवली, हे जयपूर-अत्रौली घराण्याच्या इतिहासात सर्वश्रुत आहे. त्यांची प्रतिभा सर्वांना नसते, पण दुर्बीण आणि स्ट्रोबोस्कोपी आज आपल्याजवळ आहे. स्ट्रोबोस्कोपीत स्वरतंतूवरच्या लाटा सावकाश दिसतात, आणि जिथे लाट अडते तिथे व्रण आहे हे कळते.

पुढचे महिने

जखम भरल्यावर, साधारण दोन-तीन आठवड्यांनी, वाचा-उपचारतज्ज्ञांकडे पाठवावे. त्यांनी सुरुवातीलाच आवाज मोजून ठेवावा : एका श्वासात ‘आ’ किती सेकंद टिकतो (दहाच्या आत असेल तर स्वरतंतू नीट मिटत नाहीत असे धरावे), आवाजाचा घोगरेपणा आणि हवा निसटणे यांची श्रेणी, आणि रुग्णाला स्वतःला त्याचा किती त्रास होतो याची प्रश्नावली. व्यायामाची सुरुवात पाण्यात बुडवलेल्या स्ट्रॉमधून हलका ‘ऊ’ काढण्यापासून करावी. गाणाऱ्यांनी मध्य सप्तकातल्या सोयीच्या स्वरावर, हळू आवाजात, दिवसातून थोडा थोडा वेळ काम करावे. खर्जाची मेहनत आणि ताना फार पुढच्या गोष्टी आहेत.

नस दुखावलेली असेल तर ती आपोआप सुधारण्याची वाट सहा महिने ते वर्षभर पाहतात. पण तोवर पाण्याचा ठसका लागत असेल किंवा शिक्षक, विक्रेता, वकील यांसारख्या बोलण्यावर पोट असलेल्या माणसाला काम करता येत नसेल, तर त्याला वर्षभर मुके ठेवणे मला पटत नाही. हायल्युरॉनिक ॲसिडसारखे काही महिन्यांत विरघळणारे द्रव्य स्वरतंतूत टोचून तो तात्पुरता मध्याकडे आणता येतो. वर्षानंतरही हालचाल नसेल तर जपानी डॉक्टर इश्शिकी यांनी १९७४ मध्ये मांडलेली थायरोप्लास्टी करावी. तीत थायरॉइड कूर्चेत छोटी खिडकी करून स्वरतंतूला बाहेरून कायमचा आधार देतात, आणि जागेवरच्या भुलेत रुग्णाला बोलायला लावून आवाज कानाने जुळवता येतो.

ट्रॅकिओस्टॉमीची नळी काढण्याआधी वरचा मार्ग दुर्बिणीने पाहावा, आणि नळीला बूच लावून रुग्ण दिवसरात्र सहज श्वास घेतो याची खात्री करावी. नळी काढून घरी गेलेल्या रुग्णाला आणि त्याच्या घरच्यांना लेखी सांगावे की पुढच्या काही आठवड्यांत जिना चढताना धाप लागली, श्वासाला शिट्टी येऊ लागली किंवा खोकला नव्याने कोरडा आणि घोगरा झाला, तर तो दमा समजून पंप घेत बसू नये. क्रिकॉइडच्या आत व्रण जमून मार्ग आवळू लागल्याची ती लक्षणे असतात, आणि व्रण कोवळा असतानाच फुग्याने रुंद करता आला तर मोठी शस्त्रक्रिया बहुधा टळते. म्हणून अशा रुग्णाची दुर्बिणीची तपासणी पहिल्या, तिसऱ्या आणि सहाव्या महिन्यात व्हावी, आवाज चांगला वाटत असला तरीही.